पलीकडची झारी

१

जिभेवर एक थेंब ठेवला की द्राक्ष डोंगराच्या कुठल्या अंगाचं, कुठल्या सालातलं, आणि ते तोडणाऱ्या बाईचं त्या सकाळी नवऱ्याशी भांडण झालं होतं की नाही, एवढं सगळं आपण सांगू शकतो, असं थोरले साडू चारचौघांत ठणकावून सांगायचे. चारचौघांचे आ वासलेले जबडे मिटायच्या आत स्वतःच पुढे म्हणायचे, "फक्त बाटलीवरची चिठ्ठी आधी वाचायला मिळाली पाहिजे. आणि चष्मा सापडला पाहिजे."

असा माणूस. आपली फजिती आपणच उरकून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला करायला काही उरत नाही. ही युक्ती जगात सगळ्यांपुढे चालायची. चालायची नाही ती फक्त धाकट्या साडूंपुढे.

साडू हे नातंच मुळात अवघड. भाऊ असता तर निदान आईच्या नावाने भांडता आलं असतं, परका असता तर तोंड फिरवता आलं असतं. साडू म्हणजे एकाच सासऱ्याने दोनदा केलेली निवड. आणि दुसऱ्यांदा निवडताना माणूस पहिल्या खेपेचा अनुभव लक्षात ठेवतो, असा थोरल्यांचा कायमचा संशय.

सासऱ्यांचा डोंगरउतारावर पांढऱ्या द्राक्षांचा लहानसा मळा होता. मुली दोनच. सासरे गेल्यावर मळा मधोमध वाटला. वेल तेच, माती तीच, द्राक्षं पिळायचं जुनं लाकडी यंत्रही तेच, पाळीपाळीने वापरायचं. डोंगराच्या पोटात खोदलेलं बोगद्यासारखं लांब तळघर होतं, त्यातही लांबीच्या रेषेत भिंत घातली. डावं अर्धं धाकट्यांचं, उजवं थोरल्यांचं. दाराला लागून दार. दोघंही वर्षाला पाच-पाच पिंपं वाइन करायचे, दोघंही हाताने तोडायचे, दोघांच्याही पिंपात द्राक्षांखेरीज काही नसायचं.

आणि तरीही धाकट्यांची वाइन टिकायची. टिकायची म्हणजे नुसती बिघडायची नाही असं नव्हे, तर वर्षागणिक तिला जास्त कळायला लागायचं. पहिल्या वर्षी लिंबाच्या सालीसारखी चुरचुरीत, पाचव्या वर्षी भिजलेल्या दगडाचा वास, दहाव्या वर्षी मध, पण गोडव्याशिवायचा. रंग मात्र तसाच, वाळल्या गवताच्या काडीचा. थोरल्यांची वाइन पहिल्या वर्षी झकास, दुसऱ्या वर्षी बरी, तिसऱ्या वर्षी पाहुण्यांनी विषय बदलावा अशी, आणि चौथ्या वर्षी कापून विसरलेल्या सफरचंदासारखी तांबूस.

लहान मळेवाल्यांची दर वसंतात बैठक भरायची. त्या दालनात खिडकीशी एक टेबल असायचं, त्याला दहाचं टेबल म्हणत. ज्याची बरोबर दहा वर्षांपूर्वीची बाटली उघडल्यावर जिवंत निघेल त्याने तिथं बसायचं. बाकीच्यांनी पेला धरून उभं राहायचं. धाकटे तिथे सलग आठ वर्षं बसत होते. थोरले सलग आठ वर्षं उभे होते, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे गुडघे उभं राहण्याच्या विरोधात होते.

थोरल्यांना मरायच्या आधी त्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती. दुसरं काही नको. आणि ती मिळणारच नसेल, तर निदान धाकट्यांनी उठावं.

२

धाकटे उठले नाहीत, पण पडले. मळ्यातल्या शिडीवरून. पाय दोन ठिकाणी मोडला, शहरातल्या इस्पितळात महिनाभर राहायचं ठरलं, सोबत मेव्हणीही निघाली. जाताना ती तळघराची किल्ली घेऊन आली.

"भाऊजी, तेवढी पिंपांची तूट भरायची बघाल ना? यांनी सांगितलंय, दुसऱ्या कोणाच्या हातात किल्ली द्यायची नाही."

तूट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पिंप म्हणजे गुपचूप पिणारा पाहुणा. आठ-पंधरा दिवसांत आतली वाइन बोट-दोन बोटं खाली जाते, लाकडातून उडून जाते. वर मोकळी जागा राहिली की तिथे हवा बसते, आणि हवा एकदा पांढऱ्या वाइनच्या शेजारी बसली की तिला लवकर म्हातारी करून सोडते. म्हणून दर शनिवारी सकाळी बूच काढायचं, काठी बुडवून बघायचं, झारीने तीच वाइन पिंपाच्या तोंडापर्यंत भरायची, बूच ठोकायचं आणि पिंपाच्या तोंडावर खडूने खूण करायची. ही सासऱ्यांची शिस्त. जावई बदलले, शिस्त नाही.

थोरल्यांनी किल्ली घेतली आणि छातीशी धरली.

मेव्हणी गेल्यावर बायको म्हणाली, "आरशात बघा जरा. लग्नाच्या दिवशीसुद्धा तोंड एवढं खुललं नव्हतं."

"शेजारधर्म आहे. साडूचा पाय मोडलाय."

"हो ना. दोन्ही मोडले असते तर तुम्ही नाचला असता." तिने कपाटातून करडा स्वेटर काढून त्यांच्या अंगावर टाकला. "गार असतं आत. हा घाला. निळा असता तर निळा दिला असता."

"झालं सुरू!"

"होणारच. दोन महिने बसून विणला. एकदा घातलात. भिंत बांधली त्याच दिवशी. अठरा वर्षं झाली, अजून सांगत नाही काय केलंत त्याचं. माणूस छत्री हरवतो, चष्मा हरवतो. अंगातला स्वेटर कसा हरवतो हो?"

"अगं, अठरा वर्षं मी इथंच आहे, आणि तू अजून त्या स्वेटरचंच—"

"तुम्ही इथं असता कधी? इथं नुसता चहा पिणारा असतो. बाकीचे सगळे तुम्ही भिंतीपलीकडं."

थोरल्यांच्या डोक्यात तोवर बेत शिजत होता. बेत साधा होता. भरायचं नाही. चार शनिवार जायचं, दार उघडायचं, बसायचं, आणि तूट तशीच राहू द्यायची. महिनाभर हवेला मोकळं सोडायचं. कोणाला कळणार नव्हतं. दहा वर्षांनी, खिडकीशी, बाटली उघडल्यावर कळलं असतं. तोवर थोरले सत्त्याहत्तर वर्षांचे झाले असते. पण मत्सराला म्हातारपणाची काय भीती? तो तर पिंपातच मुरतो.

३

पहिल्या शनिवारी नाश्ता करून ते निघाले. स्वच्छ ऊन होतं. असल्या गोष्टी अंधारात घडतात असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही जास्त पुस्तकं वाचलीत.

धाकट्यांचं दार उघडलं. भिंत चढली त्या दिवसानंतर अठरा वर्षांत थोरल्यांनी या अर्ध्यात पाऊल ठेवलं नव्हतं. अभिमानाचा प्रश्न होता. बटण दाबलं, छताचा एकुलता दिवा लागला. डावीकडे डोंगराचा ओला दगड, उजवीकडे ती भिंत, मध्ये एका माणसापुरती वाट आणि ओळीने पाच पिंपं. खिळ्याला पत्र्याची लांब चोचीची झारी. कोनाड्यात खडू. आणि मागे, भिंतीसमोर, सासऱ्यांचं तीन पायांचं स्टूल.

भिंत बांधली त्या दिवशी थोरले त्या स्टुलावर दिवसभर बसले होते. चिठ्ठ्या टाकल्या, मेव्हणीला डावं अर्धं आलं, आणि डावं अर्धं जास्त गार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे निमूट येऊन डाव्या अर्ध्यात स्टूल मांडून बसले. गवंडी एकेक थर चढवत होता आणि हे समोर बघत होते. चुन्याचे शिंतोडे उडत होते. संध्याकाळी गवंडी म्हणाला, "साहेब, बाहेर या आता, दार लावतो." हे म्हणाले, "आलो."

थोरल्यांनी आठवण झटकली आणि काठी काढली. पहिलं पिंप: दोन बोटं तूट. दुसरं: दोन बोटं. पाचही तशीच.

"छान," थोरले मोठ्याने म्हणाले, आणि पाचही बुचं परत लावून टाकली.

न चाखता निघणं शक्य नव्हतं. नळीने घोटभर काढून पेल्यात घेतली. जिभेवर ठेवली. वाईट असायला हवी होती. ती इतकी चांगली होती की थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कौतुकाचं नव्हतं. वाइन तोंडात सरळ उभी राहिली, पाठीला कणा असलेल्या माणसासारखी.

ते टेकायला स्टुलावर बसले आणि लगेच उठले. स्टूल उबदार होतं.

दिव्याची ऊब असेल, त्यांनी ठरवलं. दिवा चार हात वर होता, पण उष्णता कुठे कुठे जाते, आपण काय शास्त्रज्ञ?

निघताना पिंपांच्या तोंडांवरच्या खडूच्या खुणांकडे लक्ष गेलं. अठरा वर्षांच्या खुणा, एकीवर एक, पुसट आणि ठळक. उभी रेघ आणि खाली आकडी. आकडी डावीकडे वळलेली. थोरले डावखुरे. त्यांची आकडी कायम डावीकडे वळायची, सासरे त्यावरून टोकायचे. धाकटे उजव्या हाताने नुसती सरळ रेघ मारायचे.

"माझी नक्कल करतो की!" थोरले म्हणाले. आणि लाज सोडून सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

४

दुसऱ्या शनिवारी काठी बुडवावी लागली नाही. बूच काढलं आणि वाइन तोंडाशी थरथरत उभी. पाचही पिंपं. प्रत्येकाच्या तोंडावर नवी पांढरी आकडी, डावीकडे वळलेली.

थोरल्यांनी विचार केला. विचाराच्या बाबतीत ते दुबळे नव्हते, फक्त शाळा चौथीनंतर त्यांना कंटाळली होती. आठवडाभर ऊन पडलं. उन्हाने वाइन फुगते. झालं. खुणा? खुणा आपणच गेल्या वेळी सवयीने मारल्या असतील. हात म्हातारा झाला की मालकाला विचारत नाही.

मग त्यांनी नळीने प्रत्येक पिंपातून दोन-दोन बोटं वाइन काढली आणि मोरीत ओतली. ओतताना जीव तुटला, पण ओतली. खडू खिशात टाकला. दिवा बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि दाराच्या फटीत बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा ताणून बसवला. कुणी दार उघडलं तर दोरा पडणार.

लगेच शेजारच्या दारातून ते आपल्या अर्ध्यात आले. स्वतःच्या पिंपात काठी बुडवली. चार बोटं तूट. नेहमीच चार. अठरा वर्षं त्यांची पिंपं इतरांच्या दुप्पट प्यायची. थोरल्यांनी तीन सुतार बदलले, तिघांशी बोलणं टाकलं, पण तूट चार बोटं ती चार बोटंच.

त्यांनी झारी उचलली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

आधी लाकडी बूच सुटल्याचा. मग ओतण्याचा. झारीतून पिंपात पडणाऱ्या वाइनचा आवाज ज्याने जन्मभर ऐकला त्याला तो झोपेतही ओळखता येतो: आधी पोकळ, मग जाड, आणि पातळी तोंडाशी आली की बारीक होत जाणारा. ओतणारा घाईत नव्हता. शेवटचा थेंब झाडून घेण्यासाठी झारीची चोच पिंपाच्या तोंडावर दोनदा टेकली. टक, टक. थोरलेही नेमके तसंच करायचे.

मग बूच ठोकलं. मग खडू ओढल्याचा आवाज. एक लांब, एक आखूड.

थोरल्यांनी खिशात हात घातला. खडू खिशातच होता.

असं पाच वेळा झालं. त्यांनी मोजलं. पाचव्यांदा खडू थांबल्यावर ते धावत बाहेर आले, म्हणजे त्यांचे गुडघे परवानगी देतील तेवढे धावले. लाल दोरा जागच्या जागी ताणलेला. कुलूप तसंच. उघडून आत गेले. कोणी नाही. पिंपं भरलेली. झारी खिळ्याला, आणि तिच्या चोचीच्या टोकाशी एक थेंब. तो त्यांच्यादेखत मोठा झाला आणि खाली पडला.

५

घाबरायला हवं होतं. थोरले संतापले.

त्यांच्या डोक्यात एकच माणूस आला: सासरे. शनिवारची शिस्त त्यांची, झारी त्यांची, स्टूल त्यांचं. म्हणजे मेल्यावरसुद्धा बाजू धाकट्याचीच! शेवटच्या आजारात तीन महिने उशाशी कोण बसलं? थोरले. औषधं कोणी पाजली? थोरल्यांनी. धाकटे तेव्हा फुलं घेऊन यायचे. आणि आता म्हातारा थोरल्यांच्या पिंपातून काढून धाकट्यांच्या पिंपात भरतोय! चार बोटं इथून जातात ती कुठे जातात, हे आता उघडच झालं.

"मी तुझ्या वडिलांना काय कमी केलं होतं गं?" जेवताना त्यांनी बायकोला विचारलं.

"का? स्वप्नात आले होते?"

"नाही. सहज."

"त्यांना तुम्ही आवडायचात." बायकोने पाण्याचा तांब्या सरकवला. "म्हणायचे, थोरल्याचा हात चांगला आहे. धाकट्याला एवढा हात नाही. पण थोरला हात इथं ठेवतो आणि मन शेजारच्या ताटात."

थोरल्यांचा घास तोंडातच थांबला. एवढी चांगली गोष्ट अठरा वर्षं कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली तीही अशी, मागे शेपूट लावून.

इस्पितळातून धाकट्यांचा फोन आला. पाय बरा होतोय, बायको वैतागलीय, जेवण बेचव आहे, वगैरे. शेवटी थोरल्यांनी आपणहून विषय काढला.

"तुमची पिंपं ठीक आहेत."

"असणारच की. मला त्यांची मुळीच काळजी नाही, साडूभाऊ," धाकटे हसत म्हणाले. "तुम्ही आहात ना तिथं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ थोरले त्या हसण्याचा अर्थ लावत बसले. लागला नाही.

६

तिसऱ्या शनिवारी त्यांनी धाकट्यांच्या दाराला हातही लावला नाही. सरळ आपल्या अर्ध्यात गेले. भिंतीच्या अगदी वरच्या थरात, छताला लागून, गवंड्याने हवेसाठी एक वीट सोडलेली होती. थोरल्यांनी रिकामी खोकी एकावर एक रचली, पहिल्यावर चढले, थांबून दम घेतला, दुसऱ्यावर चढले. म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडून विचारायचं होतं: मीच का? भरायचंच आहे तर माझी पिंपं का नाही? मला नको होती ती खुर्ची?

पलीकडे बूच सुटलं. ओतण्याचा आवाज सुरू झाला.

त्यांनी डोळा विटेच्या जागी लावला. पलीकडचा दिवा लागलेला होता.

आधी झारी दिसली. मग ती धरणारा हात, डावा. मग पाठ.

सासरे नव्हते ते. सासरे बुटके होते आणि टकले होते. हा माणूस उंच होता, भक्कम होता, केस काळेभोर आणि दाट. अंगात निळा स्वेटर. जुना नव्हे. काल विणून झाल्यासारखा, लोकर अजून फुललेली, आणि डाव्या खांद्यावर चुन्याचे तीन शिंतोडे, ओले.

माणसाने शेवटचा थेंब झाडला. टक, टक. बूच ठोकलं. खडूने रेघ ओढली, आकडी डावीकडे वळवली. झारी खिळ्याला लावली. मग तो वाकला नाही, कण्हला नाही, गुडघ्यावर हात टेकला नाही, नुसता सहज, पाणी स्थिरावतं तसा, स्टुलावर बसला. भिंतीकडे तोंड करून. कोपरं मांड्यांवर, पंजे एकमेकांत.

थोरल्यांना त्या क्षणी काय वाटलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. त्यांना त्याच्या गुडघ्यांचा हेवा वाटला. अठरा वर्षं या गारव्यात बसून हा माणूस तिळभर उतरला नव्हता. बाहेर आपण तांबूस पडलो, आंबलो, तोंडाची चव गेली, आणि हा इथे कडेपर्यंत भरलेला. त्याच्या मानेवर एक सुरकुती नव्हती. मान मात्र ओळखीची होती. स्वतःची मान कोणी कधी पाहिलेली नसते, तरीही होती.

थोरल्यांचा हात आपल्या मानेवर गेला.

पलीकडच्या माणसाचाही गेला.

मग त्याने ती मान वर उचलायला सुरुवात केली. सावकाश. भिंतीच्या थरांवरून नजर एकेक थर चढत यावी तशी. थोरल्यांना आधी कपाळ दिसलं, मग भुवया, आणि मग त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, कारण काही झालं तरी ते डोळे त्यांना पाहायचे नव्हते. हनुवटीला गार वारा लागला. विटेच्या त्या जागेतून लिंबाच्या सालीचा आणि भिजलेल्या दगडाचा वास आला, अगदी जवळून, कोणीतरी तोंड उघडल्यासारखा.

खोक्यांवरून ते कसे उतरले ते त्यांनाही ठाऊक नाही. कोपर सोललं, एवढं खरं.

घरी बायकोने कोपराला औषध लावलं. तिचा हात थांबेना, तोंडही थांबेना. शेवटी थोरले म्हणाले, "तो निळा स्वेटर. भिंतीच्या दिवशी. घरी आलो तेव्हा अंगात होता?"

"तेच तर अठरा वर्षं विचारतेय मी," बायको म्हणाली. "आलात तेव्हा नव्हता."

७

चौथ्या शनिवारी ते गेलेच नाहीत. ताप आलाय म्हणाले. ताप नव्हता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात धाकटे कुबड्या घेऊन परतले आणि दुपारी थोरल्यांना निरोप धाडला: तळघरात या, आभार मानायचेत.

थोरले गेले. न जाणं म्हणजे कबुली. दार उघडं होतं, बाहेरचं ऊन पहिल्या पिंपापर्यंत आलं होतं. धाकटे पालथ्या खोक्यावर मोडका पाय लांब करून बसले होते. स्टूल रिकामं होतं. धाकट्यांनी ते थोरल्यांना दिलं नाही, त्यावर स्वतःही बसले नव्हते. थोरल्यांनाही ते नकोच होतं. ते दारापाशी उभे राहिले. उभं राहायची त्यांना सवय होतीच.

"एक बोटाची तूट नाही," धाकटे म्हणाले. "पाचही पिंपं तोंडापर्यंत. मानलं तुम्हाला."

एक दहा वर्षांची बाटली उघडलेली होती. धाकट्यांनी दोन पेल्यांत ओतली. थोरल्यांनी पेला उन्हात धरला. वाळल्या गवताची काडी. वास घेतला आणि पेला खाली ठेवला. तो वास त्यांनी दहा दिवसांपूर्वी फार जवळून घेतला होता.

त्यांना गप्प राहता आलं असतं. आभार घ्यायचे, पेला संपवायचा, घरी जायचं. जन्मभर ते धाकट्यांच्या तोंडून दोन चांगले शब्द ऐकायला तरसले होते आणि आज ते फुकट मिळत होते. पण फुकटचे होते, हीच अडचण होती.

"मी भरली नाहीत," थोरले म्हणाले. "ऐका. एकाही शनिवारी भरली नाहीत. तुमची वाइन नासावी म्हणून मुद्दाम. उलट दोन बोटं काढून मोरीत ओतली. काय शिव्या द्यायच्यात त्या द्या."

धाकट्यांनी शिव्या दिल्या नाहीत. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मीही कधी भरली नाहीत. अठरा वर्षांत त्या झारीला हात लावलेला नाही मी."

"मग कोण भरतं?"

"असं काय करता! तुम्हीच."

थोरल्यांच्या ओठांवर एक विनोद आला आणि तिथेच वाळून गेला.

"पहिल्यांदा दिसलात तेव्हा मी घाबरलो," धाकटे म्हणाले. ते हसत होते, पण नजर पेल्यातून वर येत नव्हती. "हाक मारली. वळला नाहीत. म्हटलं रागात आहेत, अर्धं मिळालं नाही म्हणून. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग मी शनिवारी सकाळी यायचंच सोडलं. तुमचं काम तुमच्यासारखं चोख. बोलत नाहीत, टोमणे मारत नाहीत. खोटं कशाला बोलू, इथले तुम्ही मला बरे वाटता. दहाच्या टेबलाशी मी बसतो ना, तेव्हा दरवेळी मनात येतं, खुर्ची खरी साडूभाऊंची आहे. ते बिचारे मागे उभे आहेत पेला धरून, आणि त्यांना माहीतही नाही."

"काहीतरी बरळू नका!" थोरल्यांचा आवाज चिरकला. पिंपांच्या पलीकडे, आत, ऊन पोचत नव्हतं तिथे, स्टुलाचा एक पाय दगडावर किंचित कुरकुरला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. "मी आणि इथं? भिंत चढल्यापासून अठरा वर्षांत या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं!"

धाकट्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला.

"पाऊल टाकायला आधी बाहेर यावं लागतं, साडूभाऊ. भिंत चढली त्या दिवशी तुम्हाला इथून बाहेर येताना पाहिलंय कोणी?"